भिंतीआडचा डोंगर : चिनी आणि जपानी बागा शहरात कशा मावतात?

नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातींत हल्ली पोहण्याच्या तलावाच्या जोडीला 'झेन गार्डन' हे शब्द हमखास असतात. अशीच एक बाग परवा एका नातेवाइकांकडे पाहिली. पार्किंगच्या स्लॅबवर पांढऱ्या खडीचा पट्टा, मधोमध सिमेंटची बुद्धमूर्ती, कडेला कुंडीतले चार बांबू. खडीत पाला अडकला होता, दुपारच्या उन्हात ती डोळ्यांत खुपत होती आणि बसायला कुठे सावली नव्हती. बिचाऱ्या रहिवाशांनी त्याचे पैसे मोजले होते, याचं मला फार वाईट वाटलं.

याच्या उलट अनुभव आईचा. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात तिला पहिल्यांदा घेऊन गेले, तेव्हा अर्धा फेरा झाल्यावर ती म्हणाली, "छान आहे गं, पण बाग म्हणायची तर फुलं कुठायत?" दहा एकरांचं हे उद्यान पुणे आणि जपानमधलं ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीतून उभं राहिलं. ओकायामाच्या कोराकुएन या तीनशे वर्षं जुन्या बागेवरून ते बेतलंय. हिरवळीचे उंचवटे, वळत जाणारं पाणी, दगड, छोटे पूल. आईचा प्रश्न अगदी रास्त होता. आपल्या लेखी बाग म्हणजे मोगरा, गुलाब, जास्वंद. इथे फुलं दुय्यम आहेत. मग मुख्य काय आहे?

आधी मुळाक्षरं : डोंगर आणि पाणी

चिनी भाषेत निसर्गचित्राला 'शान-श्वेइ' म्हणतात. शान म्हणजे डोंगर, श्वेइ म्हणजे पाणी. बागेची मुळाक्षरंही हीच दोन. दगड हा डोंगर, तळं हा समुद्र किंवा सरोवर, आणि झाडं त्या डोंगराला शोभतील अशी, त्याच्या मापाची. शहरात नोकरीधंद्यात अडकलेल्या माणसाला घाटमाथ्याची ओढ असते, पण रोज उठून तिकडे जाता येत नाही. मग घाटमाथाच अंगणात आणायचा.

ही कल्पना जपानला कशी पोचली, याची एक गोष्ट जपानच्या सगळ्यात जुन्या इतिहासग्रंथांपैकी एकात नोंदलेली आहे. साल ६१२. कोरियातल्या बेक्चे राज्यातून एक माणूस आला. त्याच्या अंगावर पांढरे डाग होते. लोकांना किळस आली, त्याला एखाद्या बेटावर सोडून द्यायचं ठरलं. तेव्हा तो म्हणाला, "अंगावरच्या डागांचा एवढा तिटकारा असेल, तर ठिपक्यांची गुरंही पाळू नका. मला डोंगर घडवायची कला येते, मला ठेवून घ्या, तुमच्या उपयोगी पडेन." त्याला ठेवून घेतलं आणि राजवाड्याच्या दक्षिण अंगणात दोन गोष्टी करायला सांगितल्या : एक सुमेरू पर्वत आणि एक 'वू देशाचा' पूल. सुमेरू म्हणजे आपलाच मेरू, बौद्ध धर्माबरोबर चीन-कोरियामार्गे तिथे गेलेला. आणि वू हे चीनच्या ज्या भागाचं जुनं नाव, त्याचं मुख्य शहर सुझोऊ. म्हणजे जपानी बागेची अशी पहिलीवहिली नोंद सापडते, तीत भारतातला पर्वत आहे, चीनचा पूल आहे आणि तो घडवणारा हात कोरियन आहे.

सव्वा एकरात एवढं मावतं कसं?

सुझोऊ हे कालव्यांचं, दाट वस्तीचं शहर. तिथल्या बागा म्हणजे मोकळी मैदानं नव्हेत. गल्लीतून जाताना फक्त उंच पांढरी भिंत दिसते, आपल्याकडच्या जुन्या वाड्यासारखी. दिंडी दरवाजातून आत गेल्यावरच सगळं उलगडतं. अशा ९ बागा आज जागतिक वारसा आहेत. १९९७ मध्ये काहींची निवड झाली, २००० मध्ये उरलेल्यांची भर पडली.

त्यातली एक वांग-श युआन, म्हणजे 'जाळंवाल्याची', आपण कोळ्याची बाग म्हणू. सगळी मिळून सुमारे अर्धा हेक्टर, म्हणजे साधारण सव्वा एकर, आणि त्यात राहतं घरही आलं. तरी आत गेलेला माणूस म्हणतो, केवढी मोठी! याचं गुपित तिथल्या एका पुलात आहे. तळ्याच्या कोपऱ्यात दगडी कमानीचा एक पूल आहे, लांबी जेमतेम अडीच मीटर. तीन पावलं टाकली की संपला. पण कमान, पायऱ्या, कठडे सगळं अगदी खऱ्या मोठ्या पुलासारखं. त्याच्याखालून पाण्याची एक चिंचोळी ओहोळ आत वळते आणि खडकाआड नाहीशी होते. काठावरून पाहणाऱ्याच्या नजरेला दोन गोष्टी कळतात : पूल एवढासा दिसतोय, म्हणजे तळं मोठं असणार; आणि पाणी तिकडे कुठेतरी पुढे जातंय, म्हणजे ते इथे संपत नाही. खऱ्या मापाचा मोठा पूल तिथे बांधला असता, तर तळं क्षणात डबकं झालं असतं.

माझ्या मते ही अख्खी कला 'लपवणं' या एका क्रियापदावर उभी आहे. घाटातून जाताना पुढचं वळण दिसत नाही, म्हणून घाट लांब वाटतो आणि कंटाळाही येत नाही. तोच रस्ता सरळ आखला तर पाच मिनिटांत संपेल. चिनी बागेत हे काम भिंती, नागमोडी पूल आणि जाळीच्या खिडक्या करतात. सुझोऊच्याच त्सांग-लांग बागेत अशा १०८ खिडक्या आहेत, एकीची नक्षी दुसरीसारखी नाही. पलीकडचं झाड खिडकीतून तुकड्यातुकड्यांनी दिसतं, दोन पावलं पुढे गेलं की आणखी वेगळं. जपानी बागेत हेच काम वाटेचं वळण, कुंपण आणि पायाखालचे दगड करतात. चहाघराकडे नेणाऱ्या वाटेवर मुद्दाम ओबडधोबड, अंतर राखून बसवलेले दगड असतात. पाय जपून टाकावा लागतो म्हणून मान खाली जाते. जिथे थांबून वर पाहावं असं माळ्याला वाटतं, तिथे दगड मोठा आणि सपाट असतो. न बोलता तो तुमची मान फिरवतो.

सोळाव्या-सतराव्या शतकांत चीनमध्ये अशा बागांना बहर आला, आणि जी-छंग नावाच्या बाग घडवणाऱ्यानं १६३१ मध्ये या कामावर एक ग्रंथ लिहिला. त्याची कसोटी थोडक्यात अशी : माणसाच्या हातची असली, तरी बाग आपोआप उगवल्यासारखी दिसली पाहिजे.

उसना देखावा

लपवण्याची ही झाली एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे उसनं घेणं, आणि शहराच्या दृष्टीनं मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. चिनीत 'ज्ये-चिंग', जपानीत 'शाक्केइ'. दोन्हींचा अर्थ उसना देखावा. हद्दीबाहेरची, आपल्या मालकीची नसलेली वस्तू बागेच्या चित्रात अशी बसवायची, की ती आपलीच वाटावी. शेजारच्या आंब्याची सावली आपल्या अंगणात पडते आणि तिथे आपण खाट टाकतो, तसंच काहीसं.

सुझोऊच्या चो-जंग युआन या बागेत पूर्वेकडून पाण्यावरून नजर टाकली, की टोकाला झाडांच्या वर एक उंच पॅगोडा दिसतो. तो बागेत नाहीच. तो शहरातल्या एका मंदिराचा ७६ मीटर उंच, नऊ मजल्यांचा मनोरा आहे, आणि मधली घरं-गल्ल्या झाडांनी आणि भिंतींनी झाकल्या आहेत. लपवलं म्हणून उसनं घेता आलं. जपानमधल्या क्योटो शहराच्या उत्तरेला एन्त्सु-जी हे छोटं मंदिर आहे. तिथे पडवीत बसलं की समोर शेवाळ, आडवे दगड, मग कमरेएवढं छाटलेलं कुंपण, त्यामागे उभ्या झाडांची खोडं, आणि त्या खोडांच्या चौकटीत दूरवर ८४८ मीटर उंचीचा हिएइ डोंगर. कुंपणानं मधलं सगळं गाव गिळलंय. डोंगर जणू कुंपणापलीकडेच उभा आहे.

आता विचार करा, त्या डोंगराच्या आणि कुंपणाच्या मध्ये कुणी पंधरा मजली इमारत बांधली तर? बागेतल्या एकाही दगडाला हात न लावता बाग मरते. क्योटोत ही भीती खरी होती. म्हणून २००७ मध्ये त्या शहरानं कडक नियम केले. मध्यवस्तीतल्या मोठ्या रस्त्यांकडेच्या इमारतींची कमाल उंची ४५ मीटरवरून ३१ वर आणली, आतल्या भागात ३१ वरून १५ वर, आणि ठरावीक जागांवरून दिसणारी ठरावीक दृश्यं कायद्यानं राखली. एन्त्सु-जीतून दिसणारा हिएइ त्यात आहे. जमीनमालकांना हे जड गेलं असणारच, पण दिसणं हीसुद्धा सार्वजनिक मालमत्ता असू शकते, हे एका मोठ्या शहरानं कागदावर उतरवलं.

टोकियोत उलट घडलं. कोइशिकावा कोराकुएन ही १६२९ मध्ये सुरू झालेली बाग. आज तळ्याकाठी उभं राहिलं की झाडांच्या रांगेवर टोकियो डोम या बेसबॉल मैदानाचं फुगीर पांढरं छत दिसतं. हामारिक्यू बागेत समुद्राचं खारं पाणी भरती-ओहोटीबरोबर तळ्यात चढतं-उतरतं, आणि मागे काचेचे मनोरे. काहींना हा विरोधाभासच सुंदर वाटतो. मला विचाराल तर हामारिक्यूत तो निभतो, कारण मनोरे एका रांगेत पडद्यासारखे उभे आहेत. डोमचं छत मात्र नजरेला सतत ओढतं.

कोरडी बाग आणि दोन चटयांची बाग

ज्याला आपण 'झेन गार्डन' म्हणतो ती कोरडी बाग, जपानीत 'कारेसान्सुई'. पाण्याशिवायचं डोंगर-पाणी. क्योटोच्या र्‍योआन-जी मंदिरातली सर्वांत प्रसिद्ध. साधारण २५ बाय १० मीटर, पांढऱ्या खडीत १५ दगड. पडवीवर कुठेही बसा, १४ दिसतात, एक कुणाच्या तरी आड जातो. इथेही लपवणंच. पण लोक खडी आणि दगड पाहून येतात आणि मागची भिंत विसरतात. ती बुटकी भिंत तेल घालून मळलेल्या मातीची आहे. शतकानुशतकं तेल झिरपून तिच्यावर तांबूस, करडे ओघळ उमटलेत. ती नसती तर खडीचा प्रकाश कुठे थांबलाच नसता. पार्किंगवरच्या त्या बागेत डोळ्यांत खुपत होतं ते याचमुळे : खडी होती, पण तिला अडवणारी गडद भिंत नव्हती, आणि ती पाहायला सावलीतली पडवीही नव्हती.

क्योटोतल्या व्यापाऱ्यांची घरं रस्त्याला अरुंद आणि आत लांबच लांब असत. तिथले लोक त्यांना ईल माशाचं अंथरूण म्हणतात. अशा बोगद्यासारख्या घरात उजेड आणि वारा यावा म्हणून मध्ये चौक सोडत. त्यातली बाग ती 'त्सुबोनिवा'; त्सुबो म्हणजे दोन तातामी चटयांएवढी जागा, साधारण सव्वातीन चौरस मीटर. एक दगडी पाणीभांडं, एक दिवा, नेच्याची दोन झाडं. घरात दोन चौक असले तर उन्हाळ्यात एकावर पाणी शिंपडतात. तिथली हवा गार होते, दुसऱ्या तापलेल्या चौकातली वर चढते आणि खोल्यांमधून झुळूक वाहू लागते. पुण्या-नाशिकच्या वाड्यात ज्यांचं बालपण गेलंय, त्यांना चौकात सडा मारल्यावरची ती झुळूक वेगळी सांगायला नको.

"म्हणजे फेंगशुईच ना?"

नाही. चीनमध्ये जागा निवडताना वारा-पाण्याचे संकेत पाळले जात, जसे आपल्याकडे वास्तूचे. पण बागेत दगड कुठे बसवायचा हे ठरतं ते नजर, चाल, ऋतू आणि कविता यांवरून. चो-जंग युआनमध्ये एका मंडपाचं नावच 'कुणासंगे बसू?' असं आहे. उत्तर एका जुन्या कवितेत : चांदणं, वारा आणि मी. हसऱ्या बुद्धाच्या मूर्तीशी याचा काही संबंध नाही.

"हे सगळे श्रीमंतांचे चोचले"

या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते नाकारू नये. चीनच्या सोंग घराण्यातल्या ह्वीत्सोंग सम्राटानं बाराव्या शतकाच्या सुरुवातीला राजधानी काइफंगमध्ये एक प्रचंड कृत्रिम डोंगर उभारला. त्यासाठी सुझोऊजवळच्या ताय सरोवरातले भोकाभोकांचे दगड बोटींतून नेले जात. दगड मोठा असेल तर वाटेतले पूल पाडत. लोक भरडले गेले, ११२० मध्ये दक्षिणेत बंड पेटलं. ११२७ मध्ये राजधानी पडली. वेढ्याच्या काळात लोकांनी बागेतली लाकडं जाळायला नेली आणि दगड शत्रूवर फेकायला वापरले.

चो-जंग युआनचा मालक वांग श्येनछन हा नोकरी सोडलेला अधिकारी. पुढे मुलानं बाग जुगारात घालवली असं सांगतात. ओकायामाची कोराकुएन इकेदा त्सुनामासा या सरदाराची, १७०० मध्ये पुरी झालेली. पण १८८४ मध्ये ती लोकांना खुली झाली. 'कोराकुएन' या नावाचा अर्थही लक्षात घेण्यासारखा आहे : जगाच्या चिंता सर्वांआधी करणाऱ्यानं सुख सर्वांनंतर भोगावं, या वचनातला तो 'नंतरचं सुख' आहे. ते वचन फान जोंगयेन या चिनी मंत्र्याचं, आणि त्याचं घराणं सुझोऊचं. टोकियोच्या बागेचंही नाव त्याच वचनावरून आलंय.

१९३४ च्या पुरात ओकायामाची बाग बुडाली, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. सरदारांच्या काळातली तिची चित्रं जपून ठेवलेली होती, त्यांवरून ती जशीच्या तशी परत उभी केली. तिथला एक मंडप मात्र युद्धातूनही वाचला. त्याच्या मधोमध जमिनीतून ओढा वाहतो, ओढ्यात सहा दगड आहेत, आणि दोन्ही बाजूंना पाय सोडून कुणीही बसतं.

"झाडांचे हाल कशाला?"

जपानी माळी देवदाराच्या कुळातल्या पाईनचे कोवळे कोंब वसंतात हातानं खुडतात, आणि शरदात जुन्या सुया एकेक करून काढतात. पाहणाऱ्याला हा छळ वाटतो. पण तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या की ती डेरेदार होते, हे प्रत्येक घरातल्या आजीला ठाऊक असतं. नाशिकचा द्राक्षबागायतदार एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये छाटणी करतो, ती वेलीच्या वैरापोटी नव्हे. खुडल्यानं आतल्या फांद्यांना ऊन मिळतं, झाड शतकभर त्याच मापात राहतं. आणि इथे माप चुकलं तर अडीच मीटरच्या पुलामागचा सगळा आभास कोसळतो. म्हणून अशा बागेचा खरा खर्च दगडांचा नसतो, तो जाणत्या माळ्याच्या रोजच्या हाताचा असतो. वर्षाच्या कंत्राटावर दर वेळी बदलणारी माणसं हे काम करू शकत नाहीत.

"आपल्या हवेत हे जगेल का?"

क्योटोचं शेवाळ आणि मेपल पुण्याच्या एप्रिलमध्ये टिकणार नाहीत. पण मुळात नक्कल करा असं सांगितलंय कुणी? अकराव्या शतकातला बागकामावरचा जपानी ग्रंथ सुरुवातीलाच सांगतो की, पाहिलेली निसर्गस्थळं आठवा, 'तिथे कसं होतं' हे मनात आणा आणि जागेप्रमाणे रचा. मग इथल्या माणसानं सह्याद्री आठवावा.

परदेशी शहरांनीही हेच केलं. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १९८१ मध्ये खुला झालेला चिनी चौक कोळ्याच्या बागेतल्या एका अंगणावर बेतलाय. सुझोऊच्या २७ कारागिरांनी तो जोडला. अमेरिकेतल्याच पोर्टलंडमध्ये २००० मध्ये गाड्या लावायच्या जागेवर लान-सू बाग झाली. दगड चीनहून आले, कारागीर आले ६५. झाडं मात्र बहुतेक तिथल्याच मातीत वाढलेली निवडली.

आपल्याकडे काळा पाषाण आहे, कातळ आहे. तो कसा बसवायचा हे शिकायला जपानला जावं लागत नाही. मावळात भातखाचराच्या बांधाला उघडा पडलेला कातळ जवळून पाहा. त्याचं फक्त टाळकं वर असतं, सगळ्यात रुंद भाग मातीखाली असतो, कडेला गवताची रेघ. जपानी माळी दगड असाच पुरतात. जमिनीवर नुसता ठेवलेला दगड ट्रकमधून पडल्यासारखा दिसतो. तळं केलं तर पाणी हलतं ठेवा आणि गप्पी मासे सोडा, डासांचा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो. स्लॅबवर बाग करायची असेल तर दगड-मातीचं वजन आधी इंजिनिअरकडून तपासून घ्या.

आणि आधी बसायची जागा ठरवा, मग झाडं. तिथे बसून पाहा की काय झाकायचंय, ट्रान्सफॉर्मर, पाण्याची टाकी, समोरची भिंत. आणि काय उसनं घेता येतंय. टेकडीचा एक तुकडा किंवा शेजारचा जुना वडही पुरतो. आमच्या गच्चीच्या कोपऱ्यातून दोन इमारतींच्या फटीत पर्वतीचा एवढासा तुकडा दिसतो. आईनं आता खुर्ची तिथेच ठेवलीय.

झाडांत एक केळ जरूर लावा, खिडकीच्या जवळ. चो-जंग युआनमध्ये 'पाऊस ऐकायचा' असा एक मंडपच आहे, आणि त्याच्याभोवती केळीच लावल्यात. दुसऱ्या मंडपाचं नाव एका जुन्या ओळीवरून आलंय : कमळाची वाळलेली पानं काढू नका, त्यांवर पाऊस ऐकायचाय. माळीदादांना तेवढं आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते सवयीनं पावसाच्या तोंडावर सगळी सुकली पानं छाटून टाकतात.